मेंढपाळ, पातळी दोन

...नाय नाय, मला पातळी दोन दिली याचं दुःख नाय, ती बरोबर दिली याचं दुःख हाय. तुम्हाला सांगतो, मी आप्पा, देवगाव रंगारीचा, मिसरूड फुटायच्या आधीपासून मेंढरामागं हाय, आन् आमच्या बापजाद्यांत कुणाला कुणी इचारलं नाय की बाबा, तू मेंढपाळ खरा, पण कितव्या पातळीचा? पण आता सरकारनं ठरवलं, देशातल्या समद्या हुन्नरांची एक चौकट करायची. गवंडी, शिंपी, मेंढपाळ, ज्याला जेवढं येतं तेवढी त्याची पातळी, शिक्क्यासकट. आता देशाची चौकट हाय, आपण काय बोलणार.

त्यासाठी संभाजीनगरहून मृण्मयी मॅडम आल्या. मेंढपाळाचं काम म्हणजे नक्की काय आन् त्यात पातळ्या किती, हे ठरवून दिल्लीला कळवायचं, ही त्यांची नोकरी. पोरगी भली. मेंढरांत बसली, चहा प्याली, कोकरानं ओढणी चघळली तरी "असू दे" म्हणाली. आन् जाता जाता बोलली, "आप्पा, तुमच्या गावात मेंढीपालन शिकवायचं केंद्र निघतंय. पातळी पाच मिळाली तर तिथं मास्तर म्हणून घेतील."

झालं. मला खुर्ची दिसायला लागली. गुडघे गेलेत हो माझे... वर पंखा, खाली खुर्ची, समोर पोरं, आन् मी आपला सांगतोय, ते लिहून घेतायत. बायकोला म्हणलं, "म्हाळसा, मला मास्तर करणारेत." ती मेंढीच्या खुरातला काटा काढत होती. म्हणली, "करू द्या. तवर हिचं तंगडं धरा."

परीक्षेच्या दिवशी नवा फेटा बांधून बसलो. मॅडम म्हणाल्या, "आप्पा, उद्या कळप कुठं न्यायचा, हे कोण ठरवतं?"

म्हणलं, म्हाळसा.

"जंताचं औषध कधी पाजायचं?"

ते बी तीच बघती.

"कुठली मेंढी विकायची, कुठली ठेवायची?"

आता मात्र खोटं बोलावं वाटलं. व्हय, वाटलं. पण म्हाळसा तिथंच उभी, आन् तिच्यासमोर खोटं बोलायची मला सवय नाय... म्हणजे बोललोय, पण टिकलं नाय कधी.

"मग तुम्ही काय करता, आप्पा?" लई नरम आवाजात इचारलं पोरीनं.

म्हणलं, "ती सांगती ते."

मॅडमचं तोंड उतरलं. "दुसऱ्याच्या सांगण्यावरून काम करतो तो पातळी दोन," म्हणाल्या. "स्वतः ठरवतो तो चार. आणि जो दुसऱ्याकडून काम करून घेतो तो..." आन् थांबल्या, आन् म्हाळसाकडं बघायला लागल्या. मी बी बघायला लागलो. म्हाळसा म्हणली, "मला काय बघताय? मी पाणी द्यायला आलेय." पण बसवली तिला. मिळाली पाच. देशाची चौकट हाय, आपण काय बोलणार.

गाव बोललं की. हॉटेलवाला पुंडलिक म्हणतो, "आप्पा, चहा घेता, का घरून हुकूम यायचाय?" मी चार दिवस हॉटेलाची वाटच सोडली. मग म्हाळसाच जेवताना म्हणली, "मी नाय जाणार तिकडं शिकवायला. तुमची खुर्ची हाय ती."

खरं सांगतो, ही बाई जन्मभर उन्हात माझ्या पुढं चालली आन् लोकांना सांगत राहिली की मी मालकाच्या मागं हाय. म्हणलं, "गुडघे तुझे बी गेलेत. पंखा हाय तिथं. मुकाट जा." सकाळी पुतण्याची फटफटी मागितली आन् मीच सोडून आलो तिला केंद्रावर.

आता मला पातळी चार पाहिजे तर तिथं शिकावं लागतं, म्हणून पहिल्या बाकावर बसतोय. पहिल्याच दिवशी वर्गात हाक मारली, "म्हाळसा..." पोरं फिदीफिदी हसली. ती नाय हसली. म्हणली, "वर्गात मॅडम म्हणायचं." म्हणलं, व्हय मॅडम.

आता ते घरी बी तोंडात बसलंय. जेवायला वाढा मॅडम, चाललो मॅडम... आन् तुम्हाला सांगतो, घरी तसं म्हणू नका, असं ती अजून एकदा बी बोलली नाय.