काठीच्या मुठीएवढं

मसाक्याहून कंपालाला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर केळ्यांच्या बिअरच्या कारखान्याची तरुण मालकीण नाबोसा आणि तिथले जुने कामगार कासुंबाकाका बसले होते.

"काका, आज यंत्र घेऊनच परतायचं! पिंपांमधला वायू खोलीत साचला, की केवढ्यानं ओरडतं म्हणे!"

"आम्ही कंदील खाली सोडायचो. विझला, की माणूस आत जायचा नाही."

माझे वडीलही तेच करायचे.

"परवा आपल्या कामावरची पोर नामाटोवू पिंपांशेजारी बेशुद्ध पडली, तेव्हा कुठे होता तुमचा कंदील?"

"बरं बाई, घे यंत्र. लावणार कुठं?"

"घड्याळाशेजारी. सगळ्यांना दिसेल."

"अगं, तो वायू जड. जमिनीलगत साचतो."

"मग कमरेएवढ्या उंचीवर."

"त्याहून खाली. परवा मी आत आलो, तर त्या पोरीनं थोरांना करायच्या रीतीप्रमाणं गुडघे टेकून नमस्कार केला. मी तिच्या आईची, शेळ्यांची, सगळी चौकशी करत राहिलो. ती उठलीच नाही."

"काका! हे आधी का नाही बोललात?"

"लाज वाटली."

माझा थांबा आला. मी काठी टेकत उठले, तशी माझं वय पाहून नाबोसानं वाटेतच गुडघे टेकून मला नमस्कार केला.

"उठू नकोस!" काका ओरडले. "आजीबाई, काठी जरा तिच्या शेजारी धरा. बघ, नाक बरोबर मुठीशी! यंत्र इथंच लावायचं!"

"मापाला काठी घेऊनच जा," मी म्हणाले.

"आणि तुम्ही चालणार कशा?"

"घर समोरच आहे माझं. तुम्ही आधी यंत्र लावा."