मिर्येता निघाली म्हणे जर्मनीला!

...नाही, पण मला एकदा विचारायचं तरी! जिला निरोप द्यायला अख्खं कोर्चा गाव लोटलंय, तिला कुणी एकानं तरी विचारावं ना, की बाई गं, तू खरंच निघालीयस का? नाही! तुम्हाला सांगते, या उन्हाळ्यात मी जेवढे निरोप घेतले, तेवढे लढाईवर जाणारा शिपाईसुद्धा घेत नसेल. आणि मी जात कुठे होते? कुठ्ठेच नाही!

झालं एवढंच, की माझ्या मैत्रिणीला जर्मनच्या वर्गाला एकटीनं जायची लाज वाटत होती म्हणून मी सोबत गेले. ती लगेच पळाली, मला भाषा आवडली, मी राहिले. बस्स! पण आईनं ते झमिरामावशीच्या कानावर घातलं, आणि झमिरामावशीच्या कानावर घालणं म्हणजे भर चौकात दवंडी पिटणं. संध्याकाळी गाव फेऱ्या मारायला बाहेर पडतं ना, तर तिसऱ्या फेरीला लोक मलाच सांगायला लागले, ‘मिर्येता निघाली म्हणे जर्मनीला!’ नर्सिंग झालंय, जर्मन शिकतेय, मग आणखी काय पुरावा हवा?

खरं म्हणाल तर मला इथल्याच दवाखान्यात नोकरी लागली होती, सप्टेंबरपासून. आवडतं हो मला इथं! इथली थंडी आवडते, इथली भांडणंसुद्धा आवडतात! पण आईचा चेहरा बघायला हवा होतात तुम्ही... शेजारणीचे चारही मुलगे परदेशात, आणि आमच्या घरातून आत्ता कुठे एक जण निघत होतं! ताठ मानेनं बाजारात जायची ती. कसं सांगणार?

मावशीकडे मात्र ठरवूनच गेले की सांगून टाकायचं. दारातच मिठी! ‘सोन्या माझ्या, तिथल्या थंडीत तुला पांघरूण कोण गं घालेल?’ म्हटलं, ‘मावशी, ऐक ना, मी...’ ‘आधी अंजिराचा मुरांबा घे!’ घेतला. ‘मावशी, मी जात...’ तेवढ्यात कॉफी आली! आणि कॉफी आली की आमच्याकडे संपलंच. कप रिकामा झाला की बशीत उलटा घालायचा, आणि मावशी त्यात भविष्य बघणार. ‘हा बघ रस्ता! केवढा लांबचा!’ मी वाकून बघितलं. मला गाळ दिसला.

मग आत्या. आत्याचा लेक हॅम्बुर्गला. तिनं वाळवलेल्या मिरच्यांची माळ माझ्या गळ्यातच घातली! ‘जाता जाता त्याला देऊन टाक गं.’ जाता जाता! जसं काही हॅम्बुर्ग म्हणजे आमच्या गल्लीचं टोक. म्हटलं, ‘आत्या, माझं असं आहे की...’ तेवढ्यात कॉफी आली!

बरं, नातेवाईक परवडले, पण ऑगस्टात आल्या मैत्रिणी! ब्रिसेल्दा मिलानहून, डोळ्यांवर हा एवढा काळा चष्मा. ‘सुटलीस गं बाई! इथं राहून काय म्हातारी होणार होतीस?’ मी म्हटलं, ‘आणि राहिले तर?’ ती अशी हसली, अशी हसली... आणि तेवढ्यात कॉफी आली. दिवसातली सहावी! रात्री छातीत ढोल वाजायचे माझ्या.

शेवटी आले पेत्रितमामा. श्टुटगार्टचे. अंगणात टेबल लागलं, कोकरू भाजलं, राकी ओतली, आणि मामा ग्लास उंचावून म्हणतात, ‘ऑक्टोबरात मी स्वतः गाडीनं न्यायला येतो!’ आईचे डोळे भरले. आतून कॉफी येताना दिसली मला. म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. उठून उभीच राहिले. ‘मी जाणार नाहीये! मला इथं नोकरी लागलीय, मी सही केलीय, आणि मी इथंच राहणार आहे!’



मला वाटलं, आई आता टाहो फोडणार. तर आई बघतेय बाबांकडे, बाबा बघतायत मामांकडे, मामा बघतायत कोकराकडे. मग बाबा घसा खाकरत म्हणाले, ‘अगं, पण... आम्ही निघालोय.’

‘कोण आम्ही?’

‘मी आणि तुझी आई. पेत्रितनं मला गवंडीकाम बघितलंय, हिला हॉटेलात. तू गेल्यावर इथं दोघांनी भिंतींकडे बघत काय बसायचं? तुझ्यावर ओझं नको म्हणून बोललो नाही. व्हिसाचे कागद झालेत.’

कागद कधी झाले? तर उन्हाळाभर आई दात दाखवायला राजधानीत, तिरानाला जात होती ना... ते दात नव्हतेच!

आई हुंदके देत म्हणाली, ‘आता आम्ही नाही जात!’ पण मी बघितलं बाबांकडे. तीस वर्षं दुसऱ्यांची घरं बांधून आमच्या घराचा वरचा मजला तसाच अर्धा ठेवलेला माणूस... डोळ्यांत असं काहीतरी होतं, की जणू विसाव्या वर्षी कुणी गावाबाहेर सोडलं नव्हतं, ते आत्ता सोडतंय. मीच म्हटलं, ‘जा. मी बघते घर.’ आणि कॉफी प्यायले. गार झाली होती.

गेले. मामांची गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी हात हलवला, मग उगाच अंगण झाडलं. दोनदा.

आणि आता? आता दवाखान्यात कुणाला इंजेक्शन द्यायला जावं, की वाजला फोन! बांधकामावरून बाबा. ‘मिर्येता, इथला मुकादम लाल होऊन ओरडतोय, जरा बोल बघू त्याच्याशी.’ बोलते. ठेवला, की हॉटेलातून आई. ‘मालकीण काहीतरी विचारतेय गं, तूच सांग.’ सांगते! अहो, अख्ख्या घरात जर्मन येणारी मी एकटी... आणि मी कोर्चात!