आईनं प्रसाद घेतला नाही

(कोरियातलं जॉन्जू. चर्चचं अंगण. मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची उपासना, नुकतीच संपली आहे.)

हेसुक : वा! बाबांच्या पुण्यतिथीची मिस्सा, अख्खं चर्च ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत, आणि चर्चच्या 'मरियेची सेना' मंडळाच्या अध्यक्षीणबाई बाकाला चिकटून! फोटो काढायला हवा होता.

आई : काढायचास की. डोक्यावरचं वस्त्र सरळ होतं ना माझं?

हेसुक : मागे पार्कबाई कुजबुजत होत्या, "आगाथाबाईंनी काय पाप केलं असेल हो?"

आई : या वयातही माझ्याकडून काही होईल असं वाटतं त्यांना? बरं वाटलं ऐकून.

हेसुक : आई! का नाही उठलीस?

आई : धिरडं खाल्लं. मुगाचं. प्रसादाआधी तासभर तोंडात काही घालायचं नसतं. तूच शिकवतेस ना चर्चच्या वर्गात पोरांना?

हेसुक : श्राद्धाचं धिरडं? बाबांच्या नैवेद्यातलं? जी बाई मीठ बघायलाही त्या रांधपाला जीभ लावत नाही, म्हणून दरवर्षी रस्सा खारट होतो, तिनं खाल्लं?

आई : एवढा खारट, तर दुसऱ्यांदा वाटी पुढे कशाला करतेस?

हेसुक : आणि म्हाताऱ्यांना तो नियम लागू नाही. फादरनी शंभरदा सांगितलंय.

आई : म्हातारी कोण?

हेसुक : खरं सांग. तू काही खाल्लंबिल्लं नाहीस.

आई : खाल्लं. चर्चच्या पायरीवर, सगळ्यांकडे पाठ करून. देवाच्या दारात खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून खरंच खाल्लं.

हेसुक : म्हणजे मुद्दाम! थेहोसाठी!

आई : हळू. तुझा भाऊ गाडी आणायला गेलाय, बहिरा नाही झालाय.

हेसुक : पहिलं लग्न चर्चनं रद्द केलेलं नसताना दुसरं लावून बसला तो. त्याला प्रसाद नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. तू कशाला उपाशी राहायचं?

आई : ईस्टरला आपण सगळे उठलो. त्याच्या गुडघ्यांवरून एकेक जण ओलांडून पुढे गेला. "गाडी बघून येतो" म्हणाला आणि थेट सोल शहर गाठलं. चुसोकच्या सणालाही फिरकला नाही. आज पुन्हा बाकावर एकटा उरला असता, तर बापाच्या श्राद्धाला तरी थांबला असता का?

हेसुक : म्हणून प्रत्यक्ष ख्रिस्तालाच नको म्हणालीस. कमाल आहे! तिथे बलिदान होतं, आई. तो स्वतःला अर्पण करतो आणि त्याच ताटावर आपल्याला जेवायला बोलावतो. कालच मुलांकडून घोकून घेतलं मी.

आई : छान घोकून घेतलंस. आता हेही सांग त्यांना, अर्पण करायचं तर आपल्याला सगळ्यात प्यारं असतं तेच करावं लागतं. माझ्याकडे दुसरं होतं काय?

हेसुक : बोलायला तुझ्यापुढे फादर नाही टिकायचे.

आई : रांग पुढे सरकली ना, तेव्हा पोटात खड्डा पडला माझ्या. बाप्तिस्मा झाल्यापासून एवढी भूक कधी लागली नव्हती. रडूच आलं. त्याला वाटलं, बापाच्या आठवणीनं रडतेय. रुमाल दिला. मळका.

हेसुक : काही म्हणाला?

आई : म्हणाला, "तू का नाही गेलीस?" म्हटलं, धिरडं खाल्लं. तर म्हणे, "बाबांच्या आधी? रागावतील हं." म्हटलं, तुझ्या बापानं दोन हाणल्या असत्या. हसला गं. मोठ्यानं हसला. पार्कबाईंनी घसा खाकरला.

हेसुक : मगाशी मला विचारत होता, रविवारची मिस्सा किती वाजता असते.

आई : तू काय सांगितलंस?

हेसुक : सांगितलं, तीच वेळ, जी लहानपणापासून आहे.

आई : सरळ उत्तर देशील तर जीभ झडेल तुझी. येऊ दे त्याला. मी बसेन पुन्हा.

हेसुक : दर रविवारी? अध्यक्षपद जाईल.

आई : पार्कबाईंना द्या. केव्हापासून डोळा आहे त्यांचा.

हेसुक : नको. तू प्रसादाला जा. त्याच्याजवळ मी बसते.

आई : तू? पोरांना ओळीनं वेदीपर्यंत नेणारी तूच. काय सांगशील त्यांना?

हेसुक : सुचेल काहीतरी. तुझीच मुलगी आहे.

आई : भूक लागते गं. फार लागते.

हेसुक : लागू दे. चल, गाडी आली. तू पुढे बस, थेहोजवळ.