नाव जिल्हा, जिल्हा नाशिक

पोरांची नावं ठेवताना सरकारी खिडकीचा विचार करत जा, एवढंच सांगतो. आम्ही लेकीचं नाव ठेवलं झिल्ला. शाळेच्या प्रवेशासाठी जन्मदाखला काढला, तर त्यावर छापलेलं : नाव – जिल्हा. जिल्हा – नाशिक.

गेलो दुरुस्तीला. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "अहो, तुमच्या इंग्रजी फॉर्मवर Zilla लिहिलंय. जिल्हा परिषदेतला जिल्हा इंग्रजीत असाच लिहितात ना?"

"मॅडम, ते मुलीचं नाव आहे. बायबलमधलं. हिब्रू."

"हिब्रू म्हणजे?"

"भाषा आहे, ज्यू लोकांची. त्यांच्यात झिल्ला म्हणजे सावली."

बाईंचा चेहरा खुलला. "मग असं सांगा ना! अर्जात अर्थासकट लिहून द्या."

दिलं लिहून. पुढे चार खेपा झाल्या. शेवटी प्रवेशाच्या आदल्या दिवशी नवा दाखला हातात पडला. नाव – सावली.

घरी बायकोने तो दोनदा वाचला. "आता परत जाणार?"

मी चपला काढल्या, पंख्याखाली बसलो आणि आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, "सावली, बाबाला पाणी आण गं."