कस्तुरामावशींचा उजवा खांदा

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या गटविकास अधिकारी माननीय योगिनी मॅडम. प्रमुख पाहुणे म्हणून आवर्जून आलेले निवृत्त विस्तार अधिकारी आदरणीय गोविंदसिंगजी साहेब. आमच्या रस्सीखेच संघाचे व्यवस्थापक विनोद सर. ज्यांच्यासाठी आपण सगळे आज टेबल सोडून इथे जमलो त्या सत्कारमूर्ती, आपल्या कार्यालयाच्या परिचर सौ. कस्तुराबाई रामकिसन इंगोले. आसेगावहून आलेले रामकिसनकाका आणि घरची मंडळी. आणि पंख्याखालची जागा मिळावी म्हणून अर्धा तास आधीच येऊन बसलेल्या माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार आणि सलाम.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी मावशींच्या एकतीस वर्षांच्या नोकरीबद्दल भरभरून सांगितलं. वेळेवर येणं, एकही किल्ली न हरवणं, कोणाचा चहा बिनसाखरेचा हे न विचारता लक्षात ठेवणं. सगळं खरं आहे. पण या सभागृहातल्या किती जणांना माहीत आहे, की वर्षातून दोन दिवस असे यायचे जेव्हा आपण सगळे, साहेबांसकट, मावशींच्या नावानं ओरडायचो?

कर्मचाऱ्यांच्या क्रीडास्पर्धांचे ते दोन दिवस. महिलांच्या रस्सीखेचेत आठ जणी असतात. त्यातली सर्वांत मागची बाई दोर काखेतून, पाठीवरून, खांद्यावर घेऊन उभी राहते. पुढच्या सात जणी ओढतात, पण जमिनीत रुतून बसायचं असतं ते तिनं. ती हलली की सगळा संघ हलला. नऊ वर्षं आपल्या संघात त्या जागेवर कस्तुरामावशी उभ्या राहिल्या. आणि मी, कनिष्ठ सहायक नमरा, तीन वर्षं यादीत नवव्या नंबरावर होते. नववा नंबर म्हणजे राखीव. नववा नंबर म्हणजे सगळ्यांच्या चपला आणि पर्सा सांभाळणं.

मॅडम, मला जी गोष्ट सांगायची आहे ती तुम्ही इथे रुजू होण्याच्या आधीची, दोन वर्षांपूर्वीची आहे. वाशिमला स्पर्धा होती. उपान्त्य सामना आम्ही जिंकलो, तिसऱ्या फेरीत, अगदी शेवटच्या हाताला. सगळ्या नाचत होत्या. मावशीही हसत होत्या. जेवायला बसलो तेव्हा माझं लक्ष गेलं. मावशींचा अंबाडा सुटला होता आणि त्या तो बांधत नव्हत्या. तुम्ही कधी मावशींना मोकळ्या केसांनी पाहिलंय? मी पाहिलं नव्हतं. त्यांनी उजवा हात उचलला, कानापर्यंत आणला, ओठ चावला आणि खाली घेतला. मग डाव्या हातानं केस पाठीमागे सारले आणि भाजीकडे बघत राहिल्या.

मी उठून विनोद सरांना सांगितलं.

सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मावशी, हात वर करा बरं."

मावशींनी डावा हात वर केला. सगळ्या हसल्या.

"उजवा."

उजवा हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. मग कोणी हसलं नाही.

"जरासा लचकला हाय," मावशी म्हणाल्या. "तेल लावलं का होते बराबर. फायनल मी खेळनार हाय. मले कोनी काई सांगू नका."

आता विचार करा, अशा वेळी बरोबर काय? आमच्या ग्रामसेविका राखीताई तिथेच उभ्या राहून भांडल्या. "जिनं आपल्याले इथवर ओढून आनलं, तिलेच तुमी बाहेर बसवता? काहून? तिचा खांदा हाय, तिले ठरवू द्या." राखीताई, तुमचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं, फक्त सोयीचं नव्हतं. विनोद सरांचं म्हणणं वेगळं होतं. खांदा त्यांचा असला तरी दोर आठ जणींचा आहे. मागची सुटली तर पुढच्या सात तोंडावर पडतील, एखादीचा हात मोडेल. तेही खरंच. सर, माफ करा, पण एवढं बोलून झाल्यावर निर्णय द्यायच्या वेळी तुम्ही पाणी प्यायला निघून गेलात.

मग मावशी माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही.

"नमरा, एक सांग. माह्या दुखण्यापायी सांगतलं तू, का तुले उभं राह्याचं हाय म्हनून?"

खोटं बोलायला माझ्याकडे चांगली संधी होती. काळजी वाटली म्हणावं, सगळ्यांना बरं वाटलं असतं. पण तीन वर्षं मी चपला सांभाळल्या होत्या, आणि त्यांचा हात कानाजवळ थांबलेला पाहिला त्याच क्षणी माझ्या मनात काय आलं ते मला माहीत होतं. मी म्हटलं, "मावशी, दोन्हीपायी."

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "खरं बोलली. चाल, उठ. कसं उभं राह्याचं ते दाखवतो तुले."

पुढची दहा मिनिटं त्यांनी मला मैदानाच्या कडेला उभं केलं. माझ्या टाचा डाव्या हातानं धरून जमिनीत बसवल्या. "समोरच्या बायांकडं पाहू नको. आभाळाकडं पाह्य. अन् दोर हातानं नाई, पाठीनं धर."

अंतिम सामना रिसोडच्या संघाशी होता. इथे एक गंमत सांगायला हवी. माझं माहेर रिसोडचं. माझे अब्बा तिथल्या बाजारात शिलाईचं दुकान चालवतात आणि त्या दिवशी ते प्रेक्षकांत बसले होते. कोणाच्या बाजूनं ओरडले, हे मी आजवर विचारलेलं नाही.

आम्ही हरलो. पहिल्या फेरीत मी टिकले, बराच वेळ टिकले, आणि मग माझी डावी टाच सुटली. दुसरी फेरी तर डोळ्यांची पापणी लवेपर्यंत संपली. मी पाठीवर पडले होते, वर आभाळ होतं, आणि पलीकडे रिसोडच्या बायका ओरडत होत्या.

जीपनं परत निघालो. माझ्या ओढणीची झोळी करून मावशींचा हात गळ्यात बांधला होता. त्या माझ्याच शेजारी बसल्या होत्या. त्या दिवसापासून जवळजवळ दीड महिना त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. सगळ्यांच्या टेबलावर चहा यायचा, माझ्याही यायचा, पण नुसता चहा. डॉक्टरांनी सांगितलं की स्नायू फाटला होता. अजून एकदा जोर लावला असता तर ऑपरेशन करावं लागलं असतं. मला लोक म्हणाले, बघ, तू बरोबर केलंस. पण त्यानं माझं समाधान होईना. डॉक्टरांना जे माहीत होतं ते मला त्या दुपारी कुठे माहीत होतं? मी तर माझा नंबर पुढे सरकवला होता.

मग एका बैठकीला बाहेरून एक साहेब आले होते. गमतीत म्हणाले, "या नमरा मॅडम का? यांनीच ट्रॉफी माहेरी पाठवली म्हणे!" सगळे हसले. मीही हसले, दुसरं काय करणार? मावशी तेव्हा चहा देत होत्या. एकतीस वर्षांत त्या साहेबलोकांच्या बैठकीत 'घ्या' आणि 'अजून देऊ का' यापलीकडे बोललेल्या नाहीत. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला.

"साहेब, मले कोनी काढलं नाई," त्या म्हणाल्या. "मी उतरली. अन् मी उतरली तवा हे पोट्टी उभी राह्यली. दहा मिंटं शिकून रिसोडसमोर उभं राहून दाखवा बरं कोनी."

साहेबांनी चहा घेतला. दोन कप घेतले.

बाहेर व्हरांड्यात मी मावशींना गाठलं. विचारलं, "मग मावशी, एवढे दिवस माझ्याशी बोलत का नव्हता?"

"तुह्यावर राग नव्हता व माय. माह्यावरच होता. दुखनं मी लपवलं. मीच सांगतलं असतं तर तुले कायले बोलावं लागलं असतं? मले लाज वाटे तुह्याकडं पाह्याची."

मला वाटलं होतं चूक माझी. त्यांना वाटत होतं त्यांची. दीड महिना आम्ही दोघी एकाच व्हरांड्यातून मान खाली घालून जात होतो. केवढा वेळ वाया घालवला!

त्यानंतर मावशींनी खांद्याचे व्यायाम इतके इमानदारीनं केले, की कार्यालयातल्या अर्ध्या मान दुखणाऱ्या मंडळींना ते पाठ झाले. डॉक्टरांनी खेळायची परवानगी दिली, पण दोर खांद्यावरून घ्यायचा नाही, या अटीवर. म्हणजे मागची जागा कायमची गेली. आम्हाला वाटलं, आता मावशी येणार नाहीत. त्या आल्या. यादी करताना विनोद सरांना म्हणाल्या, "माहं नाव नवव्या नंबरावर लिहा."

या फेब्रुवारीत आम्ही अंतिम फेरीत पोचलो नाही. तिसऱ्या क्रमांकाचा सामना होता. दुसऱ्या फेरीत राखीताईंचा पाय मुरगळला. विनोद सर पुढे आले, आणि या वेळी पाणी प्यायला जायच्या तयारीत नव्हते. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत राखीताई लंगडत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, या." भांडण नाही, काही नाही. मावशी चौथ्या जागेवर, दोर फक्त हातात. मी मागे. तिसरी फेरी सुरू झाली आणि माझ्या पुढे सात पाठी होत्या, त्यांतली एक साठ वर्षांची. आम्ही जिंकलो. तिसरा क्रमांक. छोटासा कप आहे, मॅडमच्या केबिनमधल्या कपाटात ठेवला आहे. मावशींनी तो घरी नेला नाही. म्हणाल्या, आठ जणींचा आहे. मग नऊ म्हणाल्या.

परवा राखीताईंनी मला विचारलं, "नमरा, उद्या तुहा खांदा गेला तर तू उतरशीन?" मी विचार केला. मला मागची जागा फार आवडते. दोर पाठीवर ताणला की आपण कोणीतरी आहोत असं वाटतं. मीही दुखणं लपवीन की काय, अशी भीती वाटते. जखमी खेळाडूनं खेळावं की बाजूला व्हावं, याचं सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर माझ्याकडे नाही. पण आपलं दुखणं आपल्या माणसांपासून लपवू नये, आणि जिला जागा हवी आहे तिनं हवी आहे असं तोंडावर सांगावं, एवढं मावशींकडून मी शिकले.

मला दिलेल्या या संधीबद्दल मी अध्यक्षांचे आणि आयोजकांचे मनापासून आभार मानते. मराठी बोलताना कुठे चुकले असेन, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, विनोद सरांबद्दल जरा जास्तच बोलले असेन, तर मोठ्या मनानं पोटात घाला. कार्यक्रमपत्रिकेत सत्कारमूर्तींचं मनोगत नाही. ते मावशींनीच काढायला लावलं. माईकसमोर पाय लटपटतात म्हणाल्या. मॅडम, मला दहा मिनिटं दिली होती. घड्याळात बघते तर तीन मिनिटं अजून बाकी आहेत.

मावशी, उठा. इथे या. मी खाली बसते.