एक ‘ह’ जास्त

वहिनी, मंडळी, नंदूच्या शोकसभेला एवढे जण आलात, बरं वाटलं. पण मी बोलायला उभा राहिलोय. दुःखाने, तसा रागानेही.

पनवेलमधलं माझं मासळीचं हॉटेल तुम्हाला माहीत आहे. त्याला रूप दिलं नंदूने. मी म्हटलं होतं, एक बोर्ड करून दे. तो म्हणाला, ‘नुसता बोर्ड नको, अख्खी थीम करू. तुझ्या आईचं माहेर मोरा ना? मग मोऱ्याची जेट्टीच इथे आणू.’ लाँचच्या तिकिटासारखं मेनूकार्ड. भिंतींना होडीचा निळा रंग. आणि बोर्डावर आईच्या तोंडचं वाक्य.

पहिल्या चित्रात त्याने लिहिलं, ‘आम्ही शिळं ठेवत नाय.’ आई हसत सुटली. ‘आरं नंदू, “नाय” बोलनारा मानूस “आमी” बोलतं. यो “आम्ही” कुठून आनलास?’ एक ‘ह’ जास्त झाला होता. नंदू ओशाळला. ते चित्र त्याने तिथेच फाडलं आणि ‘आमी’ लिहून नवं काढलं.

आता कामोठ्यात एक हॉटेल निघतंय. तोच निळा, तीच जेट्टी, तेच वाक्य. लगेच कुजबुज सुरू झाली, नंदूने एकच काम दोघांना दिलं म्हणून. गेलेला माणूस उत्तर द्यायला येणार आहे का? म्हणून मी देतो.

काल मी तो बोर्ड बघून आलो. त्यावर ‘आम्ही’ आहे. ‘ह’सकट. नंदूला द्यायचंच असतं, तर त्याने चुकलेलं दिलं असतं का? फाडलेलं दिलं असतं का? नाही. ते फाडायच्या आधी कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला.

चित्र फाडलं त्या दुपारी टेबलाभोवती आपण मोजकेच होतो. माझ्याकडची कोळंबी खात होतो. आज ते सगळे इथे आहेत. मघाशी नंदूच्या फोटोला हार घालून गेलेत. कोण, ते मला ठाऊक नाही. पण हार घालताना मी एकेकाचं तोंड बघत होतो.

वहिनी, तुमच्या नवऱ्याने कुणाला फसवलं नाही. हे चारचौघांत सांगायचं होतं, सांगितलं.

आता नंदूसाठी दोन मिनिटं शांत उभे राहू. सगळ्यांनी डोळे मिटा. मी माझे उघडे ठेवणार आहे.