कलमाच्या आळ्यातला दगड

नियमांचं काढलंत म्हणून आमच्या काकूचं सांगतो. त्या वर्षी वैशाखातच रत्नागिरीतल्या विहिरी तळाला गेल्या आणि म्युनिसिपालिटीने दवंडी पिटवली, की पाणी फक्त पिण्याधुण्याला, झाडांना थेंबही घालायचा नाही. काकूचं अंगणातलं हापूसचं कलम तेव्हा जेमतेम वर्षाचं. ती म्हणाली, "नियम मोडायचा नाही. आणि कलमही मरू द्यायचं नाही."

तिने पायरीजवळचा पाय धुवायचा दगड उचलला आणि कलमाच्या आळ्यात नेऊन ठेवला. घरात शिरणारा प्रत्येक जण तिथेच पाय धुऊ लागला.

कुणीतरी चुगली केली. भर दुपारी म्युनिसिपालिटीचे तपासनीस आले, पाय तांबड्या धुळीने माखलेले. काकूने तांब्या पुढे केला. "आधी पाय धुवा, मग काय ते विचारा."

त्यांनी सवयीने दगडावर उभं राहून पाय धुतले, वही उघडली आणि आळ्याकडे बोट दाखवलं.

"ही माती ओली कशी?"

"आत्ताच तुम्ही भिजवलीत," काकू म्हणाली. "नाव लिहायचं तर आधी तुमचं लिहा."

तपासनिसांनी वही मिटली. म्हणाले, "आणखी एक तांब्या द्या, टाचा राहिल्यात."